मनगट एक, कामे दोन: ढोलकी आणि स्टंट

ब्रह्मपुरी तालुक्यातील एका २२ वर्षांच्या वादकाने मला पत्र लिहिले आहे. तो चार हंगामांपासून झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांत ढोलकी आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवतो. गेल्या उन्हाळ्यात विदर्भात चित्रीकरणासाठी आलेल्या एका फाईट मास्टरने त्याची उडी पाहिली आणि मुंबईला ये म्हणून सांगितले. घरच्यांचे म्हणणे असे, की हातपाय मोडून घेशील आणि वाजवण्यालाही मुकशील. दोन्ही कामे एका माणसाला निभावतात का, आणि निभावत नसतील तर कोणते सोडावे, हा त्याचा प्रश्न आहे. पत्राच्या अगदी शेवटी त्याने जाता जाता एक ओळ लिहिली आहे: उडीचा सराव करताना पंधरा दिवसांपूर्वी तो डाव्या तळहातावर पडला, एक्स-रे स्वच्छ आला, पण ढोलकी वाजवताना अंगठ्याच्या मुळाशी अजून ठणकते.

मी १९९४ पासून ही दोन्ही कामे करत आलो आहे. दिवाळी ते होळी नाटकाला वाजवायचे आणि उरलेल्या महिन्यांत मुंबईत, किंवा जिथे नेतील तिथे, पडायचे, मार खायचा, कोणाच्या तरी जागी काच फोडून बाहेर यायचे, असे माझे आयुष्य गेले. तुमच्या शेवटच्या ओळीचे उत्तर मी सर्वांत आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

डाव्या हाताचा अंगठा ताठ वर उचला. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन ताणलेल्या दोऱ्यांच्या मध्ये एक खळगा दिसेल. उजव्या हाताच्या बोटाने तो खळगा दाबा. तिथे कळ निघत असेल तर मुरगळले आहे असे म्हणून सोडून देऊ नका. त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचे काजूएवढे हाड असते, आणि तळहात टेकून पडणाऱ्या तरुण माणसाच्या मनगटातील लहान हाडांपैकी हेच सर्वांत जास्त वेळा मोडते. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेत, किंवा एमआरआयमध्ये, ती दिसू शकते. या हाडाला रक्ताचा पुरवठा मुख्यतः बोटांकडच्या बाजूने होतो, म्हणून ते मधोमध मोडले तर कोपराकडचा तुकडा रक्तावाचून राहण्याचा धोका असतो, आणि मग महिने उलटले तरी ते जुळत नाही. तुमचे पंधरा दिवस झालेच आहेत. अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, कसे पडलात ते सांगा, स्कॅफॉइड मोडले असेल का असे स्पष्ट विचारा, आणि तोवर ढोलकीला आणि उडीला दोन्हीला हात लावू नका.

हे मी स्वतःच्या हातावरून सांगतो आहे. २००३ च्या ऑक्टोबरात एका चित्रीकरणात जिन्यावरून गडगडत खाली येण्याचे दृश्य होते. पायऱ्या सोळा होत्या आणि पंधरा नीट झाल्या. शेवटी खाली उभा असलेला एक जण ठरलेल्या जागेपेक्षा पाऊलभर पुढे आला होता. त्याला धडक बसू नये म्हणून मी अंग चोरले आणि डावा हात टेकला. सूज फार आली नाही. जवळच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला, मुरगळले आहे असे सांगून पट्टी बांधली, आणि मीही ते निदान आनंदाने स्वीकारले, कारण दिवाळी तोंडावर होती आणि झाडीपट्टीतल्या वडसा गावच्या एका नाटक मंडळीला माझा शब्द गेला होता. त्या हंगामात मी गोळ्या खाऊन साठांहून जास्त रात्री वाजवल्या. होळीपर्यंत साधा पाण्याचा तांब्या धरवेना. नागपूरला सीटी स्कॅन केल्यावर कळले, की हाड जुळलेच नव्हते. कमरेच्या हाडाचा तुकडा मधे बसवून त्यात स्क्रू घालावा लागला, आणि पुढचा सबंध हंगाम मी मंडपात प्रेक्षकांत बसून काढला.

हात बरा झाला, पण मनगट मागे वाकण्याचे प्रमाण कायमचे कमी झाले. ढोलकीच्या धुमेवर, म्हणजे डाव्या पुडीवर, बोटे दाबून पुढे सरकवली की जो घुमत चढणारा घिस्सा निघतो, त्यासाठी मनगट मागे वाकावेच लागते. माझा घिस्सा तेव्हापासून अर्ध्यावर तुटतो. लावणी ऐकायला बसलेल्या माणसाला ते कळत नसेल, मला मात्र प्रत्येक वेळी कळते. तुमचे वय २२ आहे, तुमचा घिस्सा अजून शाबूत आहे, आणि म्हणून मी हे इतके ताणून लिहितो आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दोन्ही कामे निभावतात. झाडीपट्टीतला वादक या कामाला अर्धा तयार होऊनच येतो, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण नाटकातली मारामारी हे आहे. रोलंड कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेला ऑक्टोपॅड पुढे आपल्या मंडपात पोहोचला आणि ऑर्गन-तबल्याशेजारी त्याच्या आठ पट्ट्यांनी कायमची जागा घेतली. नायक खलनायकाला ठोसा मारतो तेव्हा आवाज वादक देतो. तो पाव क्षण आधी पडला तर प्रेक्षक हसतात, आणि उशिरा पडला तर ठोसा खोटा ठरतो. मला हे काम शिकवणारे वादक आरमोरीकडचे होते. पहिल्याच रात्री माझे चार आवाज उशिरा पडले तेव्हा ते मागून म्हणाले, “खांद्याकडं पाय गा, मुठीकडं पायशीन त चुकशीन.” (पाय म्हणजे पाहा.) हात हलण्याआधी खांदा हलतो. खांदा पाहणाऱ्याला ठोसा आधीच कळतो आणि त्याची काठी पट्टीवर बरोबर त्याच क्षणी उतरते.

मुंबईत मला पहिले काम मिळाले ते याच एका गोष्टीवर. चित्रपटात ठोसा चेहऱ्यापासून चांगला वीतभर दूरून जातो. कॅमेरा अशा कोनात लावतात, की ते अंतर दिसू नये. दृश्य खरे वाटते ते मार खाणाऱ्याच्या मानेमुळे. तिथे याला ‘रिॲक्शन’ म्हणतात. सेटवर ठोशाचा आवाज नसतो, तो नंतर स्टुडिओत भरतात. त्यामुळे नवीन मुलगा कशाला प्रतिसाद द्यायचा या विचारात मान उशिरा फिरवतो. मी समोरच्याचा खांदा पाहत होतो आणि आवाज माझ्या डोक्यात वाजत होता. मास्टरने दुसऱ्या टेकची गरज नाही म्हटले. मी मनात ऑक्टोपॅड वाजवला, हे तेव्हा कोणाला सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

तसे पाहिले तर वाद्य आणि कसरत यांची फारकत आपल्याकडे कधी नव्हतीच. डोंबाऱ्याचा खेळ तुम्ही लहानपणी पाहिला असेल. वर दोरावर पोर चालते आणि खाली बाप ढोल वाजवतो. प्रेक्षकांना वाटते ढोल गर्दी जमवण्यासाठी आहे. मी एकदा वरचे सोडून खालच्या माणसाकडे पाहत राहिलो. त्याची नजर पोरीच्या पायावरून हलत नव्हती, पाऊल दोरावर टेकल्याशिवाय त्याची थाप पडत नव्हती, आणि दोर हलू लागला की तो लय उतरवत होता. पोरीला खाली पाहण्याची गरज पडत नव्हती, कारण खाली सारे ठीक आहे हे तिला कानाने कळत होते.

उंचावरून पडण्याचे गणितही वादकाला लवकर समजते. पाच मीटर उंचीवरून पडायला सुमारे एक सेकंद लागतो. म्हणजे मिनिटाला साठ मात्रांची लय धरली तर नेमकी एक मात्रा. त्या एका मात्रेत पाय सोडायचे, अंग वळवायचे आणि पाठीवर यायचे असते. नवखा माणूस घाबरून पहिल्या पाव मात्रेतच वळतो, फिरणे थांबवता येत नाही, आणि तो मानेकडून खाली येतो. ज्याने वर्षानुवर्षे मात्रेचे चार भाग मनात मोजले आहेत, त्याला ती एक मात्रा पुरेशी लांब वाटते. खाली टेकताना वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास असतो. तो वेग किती अंतरात थांबतो यावर जीव अवलंबून असतो: जेवढी जास्त जागा मिळेल तेवढा धक्का कमी. म्हणून खाली रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे थर लावतात, ते पसरू नयेत म्हणून भोवती दोर आवळतात आणि वर गाद्या टाकतात. खोकी चेपत जातात आणि अंगाला थांबायला मीटरभर जागा मिळते.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडची मुले तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर उड्या मारून सराव करतात, आणि तुम्हीही तेच करत असाल असा माझा अंदाज आहे. तणस बाजूला सरकते, ती एकसारखी दबत नाही, आणि ढिगाखाली खुंट आहे की दगड हे वरून दिसत नाही. बोडीत (लहान तळ्यात) किंवा तलावात डोके खाली करून उडी तर कधीच मारू नका. उन्हाळ्यात पाणी किती उतरले आहे हे काठावरून कळत नाही, आणि मानेचा मणका मोडलेला माणूस ढोलकीही वाजवू शकत नाही आणि धानही रोवू शकत नाही.

वादकासमोरची खरी अडचण वेगळी आहे. आपले हात फार तयार झालेले असतात. तोल गेला की शरीरातला सर्वांत शहाणा अवयव पुढे धावतो, आणि आपल्या बाबतीत तो हात असतो. पडायला शिकणे म्हणजे त्या हाताला थांबायला शिकवणे. ज्युदोत हे उत्तम शिकवतात: हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि हात अंगापासून तिरका काढून कोपरापासून तळव्यापर्यंत सबंध एकदम जमिनीवर आपटायचा, म्हणजे भार एका मनगटावर न येता सगळ्या हातावर वाटला जातो. मला ही गोष्ट दोन महिने जमत नव्हती. मग एका सायंकाळी ध्यानात आले, की ही खुली थाप आहे. ढोलकीवर खुली थाप मारताना आपण हात पुडीवर दाबून धरत नाही, टेकताक्षणी सोडतो. जमिनीवरही तसेच केले आणि हात दुखायचा थांबला. २००३ मध्ये जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी नेमके हेच विसरलो.

दुसरी गोष्ट लयीची. मारामारीची तालीम संथ होते, आकडे मोजत. कॅमेरा सुरू झाला की अंगात जोश चढतो आणि दोघांपैकी एक जण लय वाढवतो. मी पाहिलेल्या लहान अपघातांपैकी बहुतेक इथे झाले: एकाचा चौथा ठोसा दुसऱ्याच्या तिसऱ्या वाकण्यावर पोहोचला. रात्री दहाला सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत ज्याने एका लयीत सांभाळले आहे, गायक घाईला आला तरी जो घाई करत नाही, अशा वादकासमोर उभे राहायला मोठमोठे फायटर राजी असतात. ही आपली खरी पत आहे. उडी पुष्कळांना येते.

वर्षाची आखणी निसर्गाने आणि झाडीपट्टीने आपल्यासाठी करून ठेवली आहे. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडया (जत्रा) भरतात, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात, रात्री नाटके लागतात, आणि हे होळीपर्यंत चालते. या काळात मुंबईचे काम कितीही चांगले आले तरी घेऊ नका. मी एकदा घेतले होते. दोन दिवसांचे काम पाच दिवसांचे झाले, वडशाच्या मंडळीला ऐन वेळी दुसरा वादक उभा करावा लागला, आणि ती नाराजी निवळायला तीन वर्षे लागली. मंडळी तुमच्यावर तारखा घेतात आणि गावकरी तिकिटे विकून बसलेले असतात. होळीनंतर वडशाहून गोंदिया आणि गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठावी. रोवणीला घरी शेतात हात लागत असतील तर जुलैमध्ये परत यावे, आणि दिवाळीच्या आधी पूर्ण एक महिना कुठलेही पडण्याचे काम घेऊ नये. तो महिना बोटांचा आहे. दिवसभर दोर किंवा केबल धरून लोंबकळलेल्या माणसाचे दंडाखालचे स्नायू लाकडासारखे होतात, आणि तशा हातांनी द्रुत लय वाजवायला गेले की कंडरा दुखावतात. मी पहिला आठवडा फक्त विलंबित धुमाळी आणि दादरा हे ताल धरतो, दुसऱ्या आठवड्यात दुप्पट करतो, आणि तिसऱ्यापर्यंत गायकासमोर बसत नाही.

सेटवर काम कमी आणि वाट पाहणे जास्त असते. त्या वेळी रबराचा तुकडा मांडीवर ठेवून बोल म्हणत सराव करता येतो. मी बरोबर ढोलकी नेत नाही. मुंबईच्या दमट हवेत पुडी सैल पडते आणि शाईला भेगा जातात.

कान आणि डोके यांबद्दल थोडक्यात. ८५ डेसिबल आवाजात आठ तासांपर्यंत काम करावे, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा करावा, असा मान्य हिशोब आहे. या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच मिळतात. उन्हाळ्यातल्या लग्नांत धुमाल किंवा संदल या मिरवणुकीच्या वाद्यपथकांत वाजवत असाल, तर कानात बोळे घातल्याशिवाय गाडीवर चढू नका. तोल सांभाळणारा अवयव कानातच, ऐकण्याच्या अवयवाला लागून आहे, आणि तुम्हाला दोन्ही हवे आहेत. डोक्याला मार लागून गरगरले, उजेड किंवा आवाज सहन होईना, तर निदान एक-दोन दिवस विश्रांती घ्या आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने कामाला लागा. पहिला मार पूर्ण बरा होण्याआधी दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. या बाबतीत मास्टर रागावला तरी चालेल.

शिकायला थेट मुंबई गाठण्याऐवजी आधी अमरावतीला जा, असे मी सुचवीन. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही संस्था १९१४ पासून तिथे आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, ज्युदो यांपैकी जे मिळेल ते वर्षभर अंगात मुरू द्या. मुंबईत स्टंट कलावंतांची संघटना आहे, आणि तिच्या सभासदत्वाशिवाय मोठ्या सेटवर उभे राहणे कठीण असते. तिथे ओळखीपेक्षा नीट पडता येणे जास्त चालते. काम घेताना तीन गोष्टी तोंडावर विचारायला लाजू नका: सेटवर रुग्णवाहिका आहे का, विमा कोणाच्या नावाने आहे, आणि हात मोडला तर काम बंद असलेल्या महिन्यांचे काय. माझ्या जिन्याच्या वेळी यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नव्हता. पैसे देऊन मला घरी पाठवले आणि शस्त्रक्रियेचा सारा खर्च बैलजोडी विकून भागवला.

स्टंटच्या कामाने माझ्या वाजवण्याला काही दिले का, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मला ते सांगावेसे वाटते. पूर्वी मी प्रत्येक ठोशावर आवाज देत असे. स्वतः मार खायला लागल्यावर कळले, की जोराचा मार बसल्यावर पहिल्या क्षणी माणसाला काही ऐकू येत नाही. आता नायकाला लागणाऱ्या शेवटच्या घावावर मी काठी उचलतो आणि खाली आणत नाही. मंडपात हजारभर माणसे असतात आणि त्या एका मात्रेत नटाचा श्वास शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.

कोणते सोडावे, याचे उत्तर वय देते. मी शेवटची मोठी उडी ४६ व्या वर्षी मारली. आता सेटवर इतरांच्या केबल आणि खोकी तपासण्याचे काम करतो. ढोलकी मात्र सुरू आहे, आणि माझ्या ओळखीचे सत्तरीचे वादक पहाटेपर्यंत बसतात. ‘नाटकात काय ठेवले आहे’ असे घरी कोणी म्हणत असेल, तर २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील कामासाठी पद्मश्री मिळाली हे त्यांना जरूर सांगा. म्हणून उडीसाठी हात पणाला लावू नका. ज्या दिवशी मास्टरने सांगितलेली गोष्ट करताना हात वाचणार नाही असे वाटेल, त्या दिवशी नाही म्हणा. तो दुसरा माणूस शोधेल, त्याच्याकडे रांग उभी असते.

भाऊबीजेनंतर मी वडशाला असेन. कोणत्याही मंडळीच्या कार्यालयात ढोलकीवाल्या स्टंटवाल्याला विचारलेत तर पत्ता मिळेल. येताना मनगटाचा नवा एक्स-रे घेऊन या. तो स्वच्छ असेल तर मी स्वतः तुम्हाला पहिली खुली थाप जमिनीवर मारायला शिकवीन. चीर निघाली तर प्लास्टर घालून या आणि माझ्या शेजारी बसून हंगामभर नटांचे खांदे पाहा.